हा तो नव्हे

२०२३ सालच्या भाऊबिजेच्या रात्री बडोद्यातील आमच्या घरी सतरा माणसे जमली होती. चार दिवस फराळ आणि पक्वान्ने खाऊन सर्वांची तोंडे ओशटली होती, तेव्हा घरातील तरुण मंडळींनी परस्पर ठराव करून टाकला की आज स्वयंपाकघर बंद, पिझ्झा मागवायचा. माझ्या पत्नीने कपाळाला आठी घातली. पण तिचे पाय दुखत होते, म्हणून तिने विरोध केला नाही. पिझ्झा येईपर्यंतचा पाऊण तास गप्पांत गेला आणि गप्पांचा विषयही पिझ्झा हाच होता. कुणाला कोणता आवडतो, कुठला खरा आणि कुठला नुसता नावाचा.

माझी पुतणी अमेरिकेतील न्यू हेवन येथे दोन वर्षे शिकायला होती. तिच्या मते तिथल्यासारखा पिझ्झा पृथ्वीवर नाही. पातळ, वेडावाकडा, कोळशाच्या भट्टीत जागोजाग करपलेला. त्या गावचा सर्वांत नावाजलेला पिझ्झा तिसऱ्यांचा असतो, हे तिने माझ्या पत्नीकडे पाठ करून, हलक्या आवाजात सांगितले. शिकागोत नोकरी करणाऱ्या भाच्याने आपल्या गावची बाजू मांडली. १९४३ सालापासून तिथे खोलगट थाळ्यात भाजलेला उंच पिझ्झा मिळतो आणि तो सुरी-काट्यानेच खावा लागतो. डेट्रॉइटजवळ राहणारा माझा थोरला मुलगा काही बोलला नाही. त्याचे कारण मला ठाऊक होते. ते पुढे येईलच. शेवटी माझी बारा वर्षांची नात म्हणाली, "मला आपला नाक्यावरचा आवडतो." नाक्यावरचा म्हणजे आमच्या सोसायटीबाहेरच्या दुकानातला. जाड मऊ पोळी, वर मक्याचे दाणे, सिमला मिरची, किसलेल्या चीजचा ढीग आणि गोडसर लाल सॉस. गिऱ्हाइकांत जैन कुटुंबे पुष्कळ, त्यामुळे कांदा-लसूण नको म्हटले तर तसाही मिळतो. सगळे हसले. मी २०१२ साली एका सहलीबरोबर इटलीला गेलो होतो आणि नेपल्समध्ये दोन दिवस राहिलो होतो. तेवढ्या भांडवलावर मी निकाल दिला, "बाळ, तो पिझ्झाच नव्हे."

"मग मी खाते ते काय आहे, आबा?"

प्रश्न पोरवयाचा होता आणि उत्तर माझ्यापाशी नव्हते. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, खोकी आली आणि सर्वांच्या लेखी विषय संपला. माझ्यापुरता तो संपला नाही. 'हा तो नव्हे' हे वाक्य आपण पदार्थाविषयी किती सहज उच्चारतो आणि ते नेमके कुणाला लागते, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे.

खऱ्या पिझ्झ्याची व्याख्या नाही असे मुळीच नाही. ती आहे आणि ती फार काटेकोर आहे. १९८४ साली नेपल्समधील जुन्या पिझ्झा करणाऱ्यांनी एकत्र येऊन एक संघ स्थापन केला आणि आपल्या पिझ्झ्याचे नियम ठरवले. पीठ हातानेच थापावे, लाटणे वर्ज्य. व्यास ३५ सेंटिमीटरांहून अधिक नसावा. लाकडाच्या भट्टीत, सुमारे ४८५ अंश सेल्सिअसच्या आचेवर, ६० ते ९० सेकंदच भाजावा. प्रकार मुख्यतः दोन. टोमॅटो, लसूण, ओव्याच्या वासाचा ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल यांचा मारिनारा, ज्यात चीज नसतेच. आणि टोमॅटो, मोझरेला व बेसिलच्या पानांचा मार्गेरिटा. २०१० साली युरोपीय संघाने या कृतीची पारंपरिक वैशिष्ट्य म्हणून नोंद केली आणि २०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा-कारागिरांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मी तिथे खाल्लेला पिझ्झा या नियमांतला होता. मध्ये ओलसर, कडेला फुगलेला, कडेवर काळे ठिपके उठलेला. तो उत्तम होता. हे मी आजही म्हणेन.

परंतु नियम केव्हा लिहिले जातात, हे पाहण्यासारखे असते. आमच्या घरात आईच्या हातचे पदार्थ वहीत उतरले ते माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. त्यापूर्वीची वीस वर्षे कुणाला वहीची गरज वाटली नव्हती. वस्तू हातातून निसटू लागली की माणूस तिची व्याख्या करू लागतो. १९८४ साली पिझ्झा नेपल्सच्या हातातून केव्हाच निसटला होता. जगभर त्याची हजार रूपे झाली होती. त्या नियमांत पदार्थाचे ज्ञान आहे तसेच एक भयही आहे, आणि आपल्यासारख्या, मुलुख सोडून पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या घरांना ते भय ओळखीचे वाटावे.

आज ज्या पिझ्झ्याचा वारसा म्हणून गौरव होतो, त्याला त्याच्या देशातच एकेकाळी मान नव्हता. एकोणिसाव्या शतकात तो नेपल्सच्या गोरगरिबांचे, हमाल-मजुरांचे रस्त्यावरचे खाणे होता. 'पिनोकिओ'चा कर्ता कार्लो कोल्लोदी हा फ्लॉरेन्सचा. त्याने १८८६ च्या आपल्या एका बालवाचकांसाठीच्या प्रवासपुस्तकात या पदार्थाचे वर्णन शिसारी यावी असे केले आहे. त्याहून बोलका दाखला माटिल्दे सेराओ या नेपल्सच्याच लेखिकेने १८८४ साली आपल्या शहरावर लिहिलेल्या पुस्तकात दिला आहे. नेपल्सच्या एका व्यापाऱ्याने रोममध्ये पिझ्झ्याचे दुकान काढले. नवलाईने आरंभी गर्दी झाली. पुढे दुकान बसले. आपल्या गावच्या वातावरणातून उपटून नेलेला पिझ्झा रोममध्ये परका आणि जड वाटू लागला, असे तिचे निरीक्षण आहे. नेपल्स ते रोम हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. त्याच काळात इटलीतून बाहेर पडलेल्या माणसांची संख्या पुढे पहिल्या महायुद्धापर्यंत एक कोटीच्या वर गेली, आणि जो पदार्थ रोमपर्यंत टिकला नाही तो त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून टिकला. रोमला गेलेला पिझ्झा माल म्हणून गेला होता. अमेरिकेला गेलेला पिझ्झा माणसांच्या आठवणीत गेला. मला या दोन प्रवासांतला फरक महत्त्वाचा वाटतो.

मार्गेरिटाची कथा सर्वश्रुत आहे. १८८९ साली राणी मार्गेरिटा नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्याने तिच्यासाठी इटलीच्या ध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला आणि त्याला तिचे नाव दिले. इतिहासकारांनी या कथेच्या पुराव्यादाखल दाखवल्या जाणाऱ्या पत्राविषयी शंका काढल्या आहेत, आणि तशा प्रकारचा पिझ्झा नेपल्समध्ये त्याआधीपासून होत असल्याची वर्णने आहेत. आपल्याकडे तंजावरच्या सांबाराची कथा अशीच सांगतात. संभाजीराजे पाहुणे आले, आमसूल संपले होते, चिंच घातली, आणि आमटीचे सांबार झाले. दोन्ही कथांची घडण सारखी आहे. गरिबाच्या किंवा परमुलखातल्या खाण्याला प्रतिष्ठा हवी असते, आणि ती द्यायला कथेत कुणीतरी राजघराण्यातले जेवायला यावे लागते.

समुद्रापलीकडे पोचल्यावर जे झाले ते अधिक रंजक आहे. न्यू हेवनमध्ये नेपल्सकडच्या माणसांची वस्ती झाली आणि १९२५ साली फ्रँक पेपे याने तिथे सुरू केलेले दुकान आजही चालू आहे. तिथे पिझ्झ्याला 'अबीट्स' म्हणतात. नेपल्सच्या जुन्या बोलीतला उच्चार त्या नावात राहून गेला आहे. साध्या पिझ्झ्यावर तिथे मोझरेला नसते, टोमॅटो आणि किसलेले कडक चीज एवढेच. मोझरेला हवे तर मागून घ्यावे लागते. म्हणजे जो पिझ्झा परदेशी म्हणून बाजूला सारायचा, त्यानेच एक जुनी चाल जपून ठेवली. आपल्याकडे हे नवे नाही. ग्वाल्हेर-इंदूरच्या, तंजावरच्या घरांत असे कितीतरी जुने मराठी शब्द ऐकू येतात जे पुण्याने केव्हाच टाकून दिले, आणि पुण्याचा पाहुणा ते ऐकून विचारतो, "हे कुठले मराठी?"

डेट्रॉइटची गोष्ट याच्या उलट. तिथे जपणूक कमी, नवे घडवणे अधिक. १९४६ साली एका दारूच्या गुत्त्यात चौकोनी पिझ्झा सुरू झाला. तो ज्या निळसर पोलादाच्या खोल थाळ्यांत भाजला गेला ते मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवण्यासाठी वापरले जात. चीज थाळ्याच्या कडेपर्यंत पसरायचे, म्हणजे ते पोलादाला चिकटून खरपूस होते. सॉस वरून पट्ट्यापट्ट्यांनी घालायचा. या पिझ्झ्याची सगळी गंमत त्या कडेत आहे. आमच्या पिढीने लहानपणी दुधाच्या पातेल्याची खरवड भांडून खाल्ली आहे. तिला ती कड वेगळी समजावून सांगायला नको. नेपल्सच्या संघाच्या एकाही नियमात हा पिझ्झा बसत नाही. पण मोटारींच्या कारखान्यांवर उभ्या राहिलेल्या शहराने आपल्याकडे जे भांडे होते त्यात आपली भाकरी भाजली. याहून प्रामाणिक पाककृती कोणती असणार?

मग हा पदार्थ परत घरी आला. व्हिएन्नात जन्मलेला आणि पुढे दशनामी संन्यास घेऊन अगेहानंद भारती झालेला एक विद्वान अमेरिकेत सिरॅक्यूज येथे मानवशास्त्र शिकवीत असे. १९७० साली त्याने एका निबंधात या प्रकाराला 'पिझ्झा इफेक्ट' असे नाव दिले. मायभूमीत क्षुल्लक मानलेली गोष्ट परदेशी जाते, तिथे सजते, प्रतिष्ठा पावते, आणि तीच प्रतिष्ठा घेऊन परत येते. मग मायभूमीला वाटते की ही आपलीच प्राचीन ठेव. पिझ्झ्याच्या इतिहासाचे भारतींचे तपशील थोडे ढोबळ होते. टोमॅटो आणि चीज नेपल्सने अमेरिकेपूर्वीच वापरले होते. पण त्यांचा रोख पिझ्झ्यावर नव्हताच, आपल्यावर होता. पश्चिमेने वाखाणल्यावर भारतीयांना आपल्याच योगाची आणि अध्यात्माची किंमत कशी कळते, हे त्यांना दाखवायचे होते. आपल्याला इतके दूर जायलाही नको. मराठी घरांतले पोहे इंदूरला गेले. तिथे ते वाफेवर मऊ झाले, त्यांच्यावर शेव आणि जिरावण आले, शेजारी जिलबी आली. आता पुण्यात 'इंदोरी पोहे' अशी पाटी लावून ते विकले जातात आणि पुणेकर ते आवडीने खातात. बडोद्याच्या सेव-उसळीचे नशीब अद्याप तसे उघडलेले नाही. नावातला 'उसळ' हा शब्द गुजराती माणूसही तसाच उच्चारतो, पण पुण्या-कोल्हापूरचा पाहुणा पहिला घास घेऊन म्हणतो, "छान आहे, पण ही मिसळ नव्हे." ती मिसळ आहे असे कुणीच म्हटलेले नसते. असो.

आता ज्या कारणासाठी हे सर्व लिहीत आहे त्याकडे येतो.

माझी आई बेळगावची. १९४९ साली लग्न होऊन ती बडोद्यास, दांडिया बाजारातील आमच्या घरी आली. माहेरची तिची आमटी चिंचेची, काळ्या मसाल्याची, गूळ नावापुरता. आमच्या घरात तीन पिढ्यांत जीभ बदललेली होती. वरण पातळ, गुळाचा खडा मोठा आणि त्यात मूठभर शेंगदाणे. आजी आईच्या आमटीला पहिली कित्येक वर्षे 'बेळगावी' म्हणत असे, आणि त्या शब्दात कौतुक नसे. आईने हळूहळू गूळ वाढवला. मग शेंगदाणे आले. कुणी सांगितले म्हणून नव्हे; रोज सात माणसांच्या पानात काय उरते, हे वाढणाऱ्या बाईला दिसत असते.

१९६८ साली मामाच्या मुलाच्या मुंजीसाठी आम्ही बेळगावला गेलो. मुंजीनंतर पाहुणे पांगले, आणि एका सकाळी आईने हौसेने सांगितले की आजचा स्वयंपाक मी करते. पंगत बसली. मामींनी आमटी भुरकली आणि मोठ्याने हसून म्हणाल्या, "वन्सं, ही तर गुजराती दाळ झाली हो!" सगळे हसले. आईही हसली. मामी मनाने अतिशय प्रेमळ होत्या; त्या बोलण्यात खोच नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. ज्या घराला १९५६ पासून 'आपण कुठले' हा प्रश्न सतावत होता, ज्या घरातून माणसे त्यासाठी मोर्चात गेली होती, त्याच घरात हे घडले, एवढेच मला आज नवल वाटते. परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मिरज मागे पडल्यावर म्हणाली, "आमच्याकडची आमटी कशी होती तेच मला आठवेनासे झाले आहे रे." त्यानंतर माहेरी गेली की ती भाजी निवडायला बसे, पोळ्या लाटी, आमटीला तिने हात लावला नाही. बडोद्यात तिची आमटी बेळगावची होती आणि बेळगावात बडोद्याची. ती स्वतः कुठली होती?

आपल्या दर्शनकारांनी ओळखण्याच्या क्रियेचा फार बारकाईने विचार केला आहे. तिला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि तिचे ठरलेले उदाहरण म्हणजे 'हा तोच देवदत्त'. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज इथे समोर दिसतो. डोळ्यांना 'हा' दिसतो, 'तो' स्मृतीतून येतो, आणि दोन्ही जुळून एकच ज्ञान होते. बौद्धांनी यावर आक्षेप घेतला. कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढतात, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, तरी आपण म्हणतो की तेच केस, तीच ज्योत. सारखेपणाला आपण एकपणा समजतो, एवढेच. वेदान्त्यांनी हेच उदाहरण आणखी पुढे नेले. 'तो' मधला तेव्हाचा काळ आणि तिथला देश सोडा, 'हा' मधला आताचा काळ आणि इथला देशही सोडा. विरोध मावळतो आणि जो उरतो तो देवदत्त.

हे उदाहरण मी आमटीला लावून पाहिले. तेव्हाचे बेळगाव काढून टाकले, आताचे बडोदे काढून टाकले, तिथली चूल, इथला गूळ, करणाऱ्या बाईचे हात काढून टाकले. खाली काय उरले? डाळ आणि पाणी. पिझ्झ्याचेही तेच. लाकडाची भट्टी, कोळसा, पोलादी थाळा, मक्याचे दाणे बाजूला काढले तर भाजलेले पीठ उरते. पदार्थाला देवदत्तासारखे सोडवून घेता येईल असे अंतरंग नसते. देश आणि काळ हेच त्याचे अंग. या बाबतीत मला बौद्धांचा पक्ष मान्य करावा लागतो. पदार्थ ज्योतीसारखा आहे, दर वेळी नवा.

देवदत्तासारखा टिकणारा कुणी असेल तर तो खाणारा. एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊनही जी 'तीच' राहते ती माझी आई. म्हणूनच 'हा तो नव्हे' हे वाक्य दिसते पदार्थाविषयी आणि जाऊन लागते माणसाला. आमटीविषयी ते फार तर चवीचे विधान असते. पंगतीत ऐकणाऱ्या बाईला मात्र 'तू ती नव्हेस' असे ऐकू येते. आणि त्यावर तिला प्रतिवादही करता येत नाही, कारण विषय बोलूनचालून आमटीचा. अशा वेळी माणूस हसतो.

यावर एक आक्षेप मला दिसतो आणि तो लहान नाही. मग का सगळेच सारखे? ज्याच्या त्याच्या जिभेला जे आवडेल ते चांगले, असे म्हणून गप्प बसायचे? डेव्हिड ह्यूमने १७५७ साली रुचीच्या प्रमाणावर निबंध लिहिला, त्यात 'डॉन किहोटे'तली एक गोष्ट त्याने घेतली आहे. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातली मदिरा चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांची टर उडवली. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत अडकवलेली एक जुनी किल्ली निघाली. चव ही सर्वस्वी मनाची गोष्ट नाही. कुणाची जीभ अधिक जाणती असते, आणि पिंपात किल्ली असतेच. हे मला मान्य आहे. पीठ नीट आंबले आहे की नाही, डाळ शिजली आहे की नाही, यात मतभेदाला जागा नसते. आईची आमटी एखाद्या दिवशी खारट झाली तर ती खारटच होती. तसेच चीज नव्हे ते चीज म्हणून विकणे, वनस्पती तेलाचा गोळा पनीर म्हणून पानात वाढणे ही सरळ फसवणूक आहे आणि तिथे 'हा तो नव्हे' असे ओरडून सांगणे हे कर्तव्य आहे. नेपल्सच्या संघालाही मी याच कारणासाठी दोष देत नाही. आमच्या नावाने विकायचे तर आमच्या रीतीने करा, एवढे म्हणण्याचा कारागिराला अधिकार आहे.

पण नाक्यावरच्या दुकानदाराने नेपल्सचे नाव कधीच घेतले नव्हते, आणि माझ्या नातीनेही नाही. पिंपात किल्ली सापडली म्हणून मी काही बोललो नव्हतो. मी एवढेच सांगत होतो की मी तिथे गेलो होतो आणि तू गेली नाहीस. जाणकारीच्या वेषात फिरणारा हा अहंकार मला स्वतःत फार उशिरा दिसला. तो ओळखायला एक खूण पुरते. जाणता माणूस पदार्थात काय कमी आहे ते सांगू शकतो. मला सांगता आले नसते.

आता थोरल्या मुलाचे. तो १९९८ च्या हिवाळ्यात मिशिगनमधील एका विद्यापीठात शिकायला गेला. पहिले काही महिने फार वाईट गेले, असे त्याच्या आईला फोनवरच्या आवाजावरून कळत असे. आम्हांला तो काही सांगत नसे. २०१४ साली आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो तेव्हा एका संध्याकाळी त्याने पाऊण तास गाडी चालवत आम्हांला एका जुन्या, काळपट छताच्या खाणावळीत नेले. तिथे बसल्यावर म्हणाला की त्या पहिल्या हिवाळ्यात खोलीवरचा मित्र त्याला इथे घेऊन आला होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा इथे राहता येईल असे वाटले. मग तो चौकोनी पिझ्झा आला. त्याने एक तुकडा उचलून माझ्या ताटलीत ठेवला. मी खाल्ला आणि म्हणालो, "छान आहे. पण पिझ्झा म्हणावा तर तो आम्ही नेपल्सला खाल्ला. हा काही तो नव्हे."

"असेल, बाबा," तो म्हणाला आणि हसला.

पुढे मला कळले की त्या पिझ्झ्यात कोपऱ्याचे तुकडे चारच असतात, त्यांना दोन बाजूंनी खरपूस कड येते, आणि मानाच्या पाहुण्याला किंवा आवडत्या माणसाला कोपरा देतात. माझ्या ताटलीत त्याने ठेवला होता तो कोपरा होता. आईला आगगाडीच्या खिडकीशी बसलेली पाहिलेला, ती गोष्ट पुढे अनेकांना कळवळून सांगितलेला मी, आणि तेच हसू समोर आल्यावर मला ओळखू आले नाही. दर्शनकारांची प्रत्यभिज्ञा सांगणे सोपे असते. माफी मागावी इतका प्रसंग मोठा नाही, असे मी दहा वर्षे स्वतःला समजावत राहिलो. भाऊबिजेच्या रात्री नात विचारत होती तेव्हा तो समोरच बसला होता. त्याने मान खाली घालून खोक्यांसाठी टेबलावर जागा केली.

दुसऱ्या वर्षी येणाऱ्या कुणाबरोबर त्याने तसला एक निळसर थाळा पाठवला. चांगलाच जड आहे. माझ्या पत्नीला पिझ्झ्यात रस नाही. तिने आठवडाभर त्या भांड्याकडे संशयाने पाहिले आणि मग त्यात हांडवा लावला, वरून तीळ-मोहरीची फोडणी घालून. ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा चारी बाजू लाल-तपकिरी झाल्या होत्या. आईने बडोद्याला आल्यावर शिजवायला शिकलेला हा पहिला गुजराती पदार्थ. ती तो कढईत लावी आणि खालची खरवड आम्हां भावंडांत वाटून देई. घरात आम्ही पाच माणसे, कोपरे चार. नातीने एक आधीच पळवला होता. तिने विचारले, "आबा, हा हांडवा आहे की हांडवा नव्हे?" मी म्हणालो, मला माहीत नाही, खाऊन सांग. तिने उत्तर दिले नाही, तोंड भरलेले होते.

रात्री मुलाचा फोन आला. भांड्यात काय केले म्हणून त्याने विचारले. मी सांगितले, आणि म्हणालो, "एक कोपरा मी खाल्ला." पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बाबा, ते भांडे घासणीने घासू देऊ नका. नुसते पुसून तेलाचा हात फिरवून ठेवायचे असते."